दोन पट्ट्या वर

चिठ्ठी तिच्या टेबलावरच्या कामाच्या फरशीवर बरोबर मधोमध, लाटायच्या रुळाखाली दाबून ठेवलेली होती, आणि अक्षर दादाचं होतं. काल ती रजेवर असताना तो स्वतः येऊन गेला होता. धाकटीने पिशवी खाली ठेवायच्या आधीच चिठ्ठी वाचली, मग पिशवी ठेवली आणि पुन्हा वाचली. 'आईचा रंग तुला ठाऊक आहेच. त्यावरून तुमच्या पद्धतीप्रमाणे दोन पट्ट्या वर घे. पाचला घरी घेऊन ये.' बस्स. वर तारीख नाही, खाली नाव नाही, जणू लाँड्रीत शर्ट टाकताना सांगावं, कॉलरला जरा कांजी जास्त. तिच्या कानशिलात काहीतरी गरम झालं आणि तिथेच बसून राहिलं. शेजारच्या टेबलावरची केसवाली, म्हणजे बाहुल्यांच्या डोक्यात एकेक केस खोचणारी तिची जुनी सोबतीण, काय झालं म्हणून विचारत होती. काही नाही, असं धाकटीने सांगितलं, आणि हात धुवायला गेली. या कामात हात धुतल्याशिवाय कशालाच हात लावायचा नसतो, रागालासुद्धा.

काम म्हणजे फोटोवरून माणसं करायची. वीतभर उंचीची, बसलेली किंवा उभी, कुणाची आजी, कुणाचं लग्नातलं जोडपं, कुणाचा गेलेला भाऊ. त्याला सगळे माती म्हणत असले तरी त्यात मातीचा कणही नसतो. ते पॉलिमर क्ले, एक तऱ्हेचं मऊ प्लास्टिकच. मळलं की नरम होतं, भट्टीत अर्धा तास भाजलं की जन्माचं घट्ट. त्याला वरून रंग लावत नाहीत, रंग आतच असतो. पाकिटातून निघतात ते ठराविक दहाबारा रंग, आणि त्यांतला एकही माणसाच्या कातडीचा नसतो. पाकिटावर 'त्वचा' म्हणून जो छापलेला असतो तो तर मेणबत्तीचाही नसतो. म्हणून रंग मिसळायला माणूस लागतो, आणि अकरा वर्षं ते माणूस धाकटी होती. प्रत्येक रंगाची सारख्या जाडीची चकती लाटायची, छोट्या गोल साच्याने टिकल्या कापायच्या, मग मोजून घ्यायच्या: इतक्या टिकल्या केशरी, इतकी निळी, तांबड्याची अर्धी, काळ्याचा चतकोर. काळं मिठासारखं, एकदा जास्त पडलं की काढता येत नाही. पांढऱ्याला सगळ्यांचं सगळं लागतं, बोटाचा डाग, स्वेटरची लव, हवेतली धूळ, म्हणून ते आपलं डाव्या कोपऱ्यात काचेच्या झाकणाखाली, सोवळ्यात. आणि कच्च्या रंगावर कधी भरवसा ठेवायचा नाही, कारण भाजल्यावर तो किंचित गडद होतो. आधी नमुन्याची पट्टी भाजायची, तिच्या पाठीवर प्रमाण लिहायचं, पट्टी कड्यात ओवायची. तिच्या कड्यात सव्वीस पट्ट्या होत्या, एक नंबर सगळ्यांत उजळ, सव्वीस सगळ्यांत गडद. सव्विसाच्या पुढे जगात माणसं असतात हे दुकानाला अकरा वर्षांत कुणी कळवलं नव्हतं.

आणि दुकानाची एक पद्धत होती. ती कुठे लिहिलेली नव्हती, पहिल्याच आठवड्यात मालकीणबाईंनी हलक्या आवाजात सांगितली होती, की फोटोतला रंग जुळला की शेवटी अर्धी टिकली पांढरी टाकायची. म्हणजे दोन पट्ट्या वर. गिऱ्हाईक मागो न मागो. मालकीणबाई बाई वाईट नव्हत्या. त्यांचं म्हणणं एवढंच की उजळ झालं म्हणून आजवर एकही डबा परत आलेला नाही आणि खरा रंग दिला त्या वर्षी चार आले. धाकटी तेव्हा नवी होती, पोटासाठी आलेली, तिने मान डोलावली. मग ती मान अकरा वर्षं डोलतच राहिली. किती माणसं तिने दोन पायऱ्या वर चढवून घरी पाठवली असतील, आणि ती घरच्यांनी कपाटात ठेवून, हुबेहूब आहे हो, म्हणून शेजाऱ्यांना दाखवली असतील, याचा तिने कधी विचार केला नव्हता. लोकांची माणसं. लोकांनी आपापली बघावी.

पण ही आई होती. बाबांच्या ऐंशीव्या वाढदिवसाची भेट. दादाने ऑर्डर दिली तेव्हा तिला बरंच वाटलं होतं, खोटं कशाला बोला. मालकीणबाईंनी तिच्यासमोर फोटोवरून चेहऱ्याचा साचा केला, केसवालीने पातळ होत गेलेला भांग अगदी तसा खोचायचं ठरवलं, कपडे, खुर्ची, पायांतल्या चपला सगळं कालपर्यंत तयार झालं. फक्त चेहरा आणि मांडीवर ठेवायचे दोन हात राहिले होते, म्हणजे फक्त रंग राहिला होता. आणि तेवढ्याचसाठी दादा ऑफिसातून अर्धी रजा काढून, जिने चढून, स्वतः आला. आई अंथरुणाला खिळली होती त्या दोन वर्षांत त्याला इतकी रजा कधी मिळाली नव्हती. यायचा तो रविवारी, पायांतले मोजे न काढता, पलंगाच्या कडेवर टेकायचा, आणि औषधांच्या बाटल्यांच्या तारखा वाचून उठायचा.

तिने जिन्यात जाऊन त्याला फोन लावला. तो मीटिंगमध्ये नव्हता, तरी मीटिंगमध्ये असल्यासारखा बोलला. त्याचं म्हणणं सगळं समजूतदार होतं, आणि दादाच्या समजूतदारपणासारखं संतापजनक दुसरं काही तिला माहीत नव्हतं. आई ओळखू आलीच पाहिजे, गोरीपान कर असं तो म्हणतच नव्हता, दोनच पट्ट्या म्हणत होता, तेही त्यांच्याच दुकानाची पद्धत म्हणून, मालकीणबाईंनीच सुचवलं म्हणून.

"अगं, बाबांचा वाढदिवस आहे, कोर्ट नाही," तो म्हणाला. "चार लोक येतील, बघतील. बाबांना जरा सुखाने बघू दे."

"बाबांच्या सुखासाठी आईने आयुष्यभर बरंच केलं. आता मेल्यावर कातडी बदलायची का?"

मग दादा म्हणाला, "तुझ्याशी बोलण्यात अर्थ नाही. काय करायचं ते कर." ते त्याने अशा थकल्या आवाजात म्हटलं, की जणू आईला दोन वर्षं उचलून बसवणारा तोच.

काय करायचं ते करीनच, असं ती मोबाईलच्या काळ्या झालेल्या पडद्याला म्हणाली. खालच्या चावीवाल्याचं यंत्र करकरत होतं, पितळेवरून दाते कापत होतं, आणि तो आवाज तिला आज बरा वाटत होता. सुख. बाबांचं सुख म्हणजे काय ते तिला चांगलं ठाऊक होतं. बाबांचं सुख म्हणजे जेवणाच्या टेबलावरचा तो विनोद. पाहुणे आले, ताटं वाढली, आई वाढायला वाकली, की बाबा घसा साफ करायचे: देवाने सगळ्या माणसांना घडवून झालं, हात धुवायला निघाला, तर परातीत उरलेले सगळ्या रंगांचे तुकडे दिसले, टाकवेनात, म्हणून एकत्र मळले आणि हिला केली. पाहुणे हसायचे. दादा हसायचा. आई स्वतः हसायची, पदराआड नाही, सरळ तोंड उघडून, आणि म्हणायची, मग बरोबरच आहे, सगळ्यांतलं थोडं थोडं माझ्यात आहे. आणि सगळ्यांत मोठ्याने हसायची ती धाकटी. सात वर्षांची, समोरचे दात पडलेली. तिने तो विनोद शाळेत नेला. बाईंनी 'माझी आई' यावर बोला म्हटल्यावर उभं राहून ठणठणीत आवाजात सांगितला, आणि वर्ग हसला नाही तेव्हा पुन्हा एकदा, जरा सावकाश, समजावून सांगितला. बाईंनी ते आईच्या कानावर घातलं. आईने घरी येताना रस्त्यात काहीच म्हटलं नाही, फक्त चौकात रस्ता ओलांडताना नेहमीसारखा हात धरला नाही. बस इतकंच. तेहतीस वर्षं झाली, अजून कुठलाही चौक ओलांडताना धाकटीचा उजवा हात जरा मोकळा मोकळा लागतो, आणि मग तिला राग येतो, आधी बाबांचा, मग दादाचा, मग त्या बाईंचा. आपल्यापर्यंत पोचायच्या आत तो संपतो.

कामावर लागली त्या पहिल्या आठवड्यातली गोष्ट. संध्याकाळी मालकीणबाईंनी सगळ्यांच्या फरशांवरचे उरलेसुरले तुकडे गोळा केले, गुलाबी, हिरवे, जांभळे, पिवळे, आणि एकत्र मळायला घेतले. टाकायचं कशाला, बाहुलीच्या पोटात भराव म्हणून चालतं. मळता मळता ते सगळे रंग एकमेकांत बुडाले आणि हातात एक तपकिरी गोळा राहिला. नेहमी तोच राहतो, मालकीणबाई सांगत होत्या, काहीही मिसळ, शेवटी हेच होतं. धाकटी उठली, न्हाणीघरात गेली, नळ सोडला आणि भिंतीवर मूठ आपटली. म्हणजे विनोद खरा होता तर. बाबांना हे काम ठाऊक असायचं कारण नव्हतं, ते आयुष्यभर गोदामात मालाच्या पावत्या तपासत होते, तरी विनोद तंतोतंत खरा होता. दुखरा हात चोळत ती बाहेर आली आणि भरावाचा गोळा नीट कागदात गुंडाळून ठेवला.

आता ती फरशीपाशी येऊन बसली. कड्यातल्या पट्ट्यांकडे तिने बघितलंही नाही, तिथे आई नव्हती. आईची पट्टी एकच होती आणि ती हरवली होती. शेवटच्या वर्षातली एक दुपार. आईला अंघोळ घालून, पावडर लावून, खिडकीशी बसवलं होतं, आणि दोघींना काही बोलायला उरलं नव्हतं. धाकटीने पिशवीतून माती काढली, पालथ्या ताटावर मळली आणि आईच्या मनगटाच्या वर, जिथे उन्हाचाही रंग नाही आणि सावलीचाही नाही, तिथे धरून जुळवायला बसली. आईने आधी, मला कशाला मापतेस, शिंप्यासारखी, म्हणून हात ओढून घेतला. मग दिला. मग तिला मजा वाटायला लागली. केशरी घातल्यावर, हा माझ्या बहिणीचा रंग, म्हणाली. निळा मिसळल्यावर, आता झाले मी अंधारातली, म्हणाली. सगळं जमत आल्यावर हळूच म्हणाली, घाल की थोडं पांढरं, कोण बघायला येतंय. धाकटीने नाही म्हटलं. आयुष्यात आईला इतकं ठामपणे तिने दुसऱ्या कशाला नाही म्हटलं नसेल. पट्टी घरच्याच भट्टीत भाजली, पाठीवर प्रमाण लिहिलं, आणि आईच्या मनगटावर ठेवली तेव्हा ती दिसेनाशी झाली. कड शोधायला बोट फिरवावं लागलं. आईने ती मागून घेतली आणि उशीखाली ठेवली. आई गेल्यावर आठव्या दिवशी वहिनीने येऊन आईची खोली आवरली. दोन पिशव्या भरून सामान बाहेर गेलं, आणि पट्टी त्यात गेली. वहिनीने शपथेवर सांगितलं की तसलं काही दिसलंच नाही, पण वहिनीला धूळ सोडून कधी काही दिसतं का? त्या दिवसापासून धाकटी दादा-वहिनीच्या घरी पाणीसुद्धा उभ्याने पिते.

म्हणजे आता आठवणीवरच करायचं. दुसऱ्या कुणाचा रंग असता तर तिने स्वतःलाच वेड्यात काढलं असतं. डोळा रंग लक्षात ठेवत नाही, तासाभरात फसवतो, हे ती नव्या मुलींना शिकवायची. पण हे डोळ्याने लक्षात ठेवलेलं नव्हतं. हा हात तिने दोन वर्षं कोमट पाण्याखाली धरला होता. कोपराला राखट, मनगटाला तांबूस, बोटांच्या पेरांवर जवळजवळ काळा. आणि सगळ्याच्या आत तो एक मूळ रंग, गरम, दाट. तिने केशरी लाटलं, निळं लाटलं, टिकल्या कापल्या. चार, एक. तांबडी अर्धी. काळ्याचा चतकोर सुरीच्या टोकाने उचलला. राग आला की तिचे हात फार चांगले चालतात. गोळा लाटायच्या यंत्रातून जात होता, दुमडत होता, पुन्हा जात होता, आणि ती मनात दादाला उत्तरं देत होती, एकेक उत्तर एकेका घडीत. कोर्ट नाही म्हणतोस? कोर्टच आहे. तू साक्षीला कधी आलाच नाहीस. बघा म्हणावं चार लोकांनी, बघा बाबांनी, त्यांच्या परातीतला उरलेला गोळा, जसा होता तसा. पुसूनबिसून नाही, चढवून नाही. चट्टेपट्टे गेले, रंग एक झाला, डावा हात आपला कोपऱ्याकडे गेला, झाकण उचललं गेलं, शेवटची अर्धी टिकली गोळ्यात दाबून तिने तो आणखी दहा वेळा फिरवला आणि नमुन्याची पट्टी कापून भट्टीत टाकली. बाहेर आल्यावर गार होऊ दिली. डोळे मिटले, कोमट पाण्याखालचा हात आठवला, डोळे उघडले. तीच. केसवाली मागे येऊन उभी राहिली होती. ती फक्त म्हणाली, मालकीणबाई बोलतील हं. बोलू देत, धाकटी म्हणाली, आणि साच्यात चेहरा दाबला.

दादाच्या घरी पाचला दहा मिनिटं कमी असताना ती पोचली. दिवाणखान्यात ऊन तिरकं आलं होतं, बाबा खिडकीजवळच्या खुर्चीत इस्त्रीचा सदरा घालून बसले होते, आणि दादाच्या ऑफिसातली दोन जोडपी सोफ्यावर, खालच्या मजल्यावरचे एक म्हातारे गृहस्थ स्टुलावर. वहिनीने पाणी आणलं, ते धाकटीने उभ्यानेच घेतलं. तिने येताना रस्त्यात सगळं ठरवलं होतं. डबा उघडेल, दादाचं तोंड उतरेल, मग ती चार लोकांसमोर शांत आवाजात सांगेल की आईचा रंग हा असा होता. आणि बाबांनी विनोद काढलाच, तर तोही ती आज पुरा करू देणार नव्हती. तेहतीस वर्षांचं वाक्य होतं ते, तोंडात घासूनपुसून ठेवलेलं.

दादाने डबा उघडला. वरचा कागद बाजूला केला, आईला खुर्चीसकट दोन्ही हातांनी बाहेर काढलं आणि उन्हात धरलं. त्याचं तोंड उतरलं नाही. ते उलट सैल झालं, लहानपणी व्हायचं तसं, आणि त्याचे डोळे भरून आले.

"वा," तो म्हणाला. मग तिच्या खांद्यावर हात ठेवून, फक्त तिला ऐकू जाईल असं, "ऐकलंस ना शेवटी. थँक्यू."

तिला आधी कळलंच नाही. मग वाटलं, हा थट्टा करतोय. मग वाटलं, याला आई आठवतच नाही, इतकंसुद्धा आठवत नाही, आणि राग असा उसळून आला की ग्लास खाली ठेवावा लागला. मी काही ऐकलं नाही तुझं, असं ती म्हणणारच होती. पण सोफ्यावरची मंडळी, किती जिवंत, किती जिवंत, म्हणत होती, स्टुलावरचे गृहस्थ बाबांना, सांगा ना तुमचा तो परातीचा किस्सा, म्हणत होते, आणि बाबांनी दोन्ही हात पुढे केले होते. दादाने आई त्यांच्या हातात दिली.

बाबांनी तिला मांडीवर घेतलं. बराच वेळ बघितलं. किस्सा सांगितला नाही. खिशातून चष्म्याचं घर काढलं, चष्मा तर नाकावरच होता, आणि घराच्या आतल्या मखमलीखाली बोट घालून काहीतरी चाचपलं. बाहेर काढलं ते बोटाच्या पेराएवढं होतं, तपकिरी, कडा झिजलेली. त्यांनी ते बाहुलीच्या गालाशी धरलं. धाकटीला खोलीच्या या टोकापासून दिसलं. भिंतीवरची फ्रेम काढली की मागचा चौकोन दिसतो तसं ते दिसलं; कड शोधावी लागत नव्हती.

"उजळ झाली," बाबा म्हणाले.

"बाबा, ते मीच सांगितलं होतं," दादा म्हणाला. "दोनच पट्ट्या."

"तू सांगणारच." त्यांनी मान वर केली आणि धाकटीकडे बघितलं. त्यांच्या आवाजात राग नव्हता, तो असता तर बरं झालं असतं. "पण हिने कसं केलं?"

मी नाही केलं, असं तिच्या तोंडात आलं. ते तोंडातच राहिलं, कारण तिचा डावा हात तिला आठवला. डोक्याला नव्हे, हातालाच आठवलं: कोपऱ्यातलं काचेचं झाकण, बोटांना लागलेला त्याचा गारवा, सुरीने कापलेली अर्धी टिकली. कुणी मागो न मागो. दादाने चिठ्ठी लिहिली नसती तरी ती पडलीच असती. सकाळपासून ज्याच्या ज्याच्याशी ती भांडत होती ते सगळे खोलीत हजर होते, दादा, बाबा, पाण्याचा ट्रे घेतलेली वहिनी जिने पट्टी खरंच कधी पाहिली नव्हती, आणि त्यांतल्या एकाकडेही आता बघता येत नव्हतं.

तिने हात पुढे केला. बाबांनी पट्टी लगेच दिली नाही. मग दिली, पण, परत दे, असं आधी म्हणून घेतलं. ती उशीखालून त्यांनी उचलली होती, आई गेली त्याच सकाळी, एवढंच ते म्हणाले. पट्टी त्यांच्या बोटांनी गरम झालेली होती. तिने ती उलटी केली. शाई फिकट झाली होती, पण अक्षर तिचंच होतं, गडबडीतलं, आईचा हात दुसऱ्या हातात धरून लिहिलेलं. केशरी चार. निळी एक. तांबडी अर्धी. काळी पाव. आणि त्याखाली, दोनदा अधोरेखित केलेलं: पांढरं नाही.